दुखण्याला रहिवासाचा दाखला लागत नाहीं

(चैत्री यात्रेस गांवीं आलेल्या नव्या मुंबईच्या कामकरी मंडळींपुढें एका मराठी शाळेच्या मास्तरांनीं केलेलें भाषण)



यात्रेच्या दिवशीं पालखी आणि कुस्त्या सोडून मास्तरानें दवाखान्याच्या गोष्टी कां काढाव्या, असें कित्येकांच्या मनांत येईल. त्याचें कारण सोपें आहे. तुर्भ्याचे हमाल, कोपरखैरण्याचे गवंडी, महाप्याच्या कारखान्यांतले कामगार आणि त्यांचीं घरचीं माणसें एका ठिकाणीं बसलेलीं वर्षांतून याच चार दिवसांत सांपडतात. आणि आज जें बोलावयाचें आहे तें एकट्या नवऱ्यानें ऐकून भागत नाहीं, एकट्या बायकोनें ऐकूनही भागत नाहीं.

आज आम्ही अंगच्या गुप्त दुखण्यांविषयीं बोलणार आहों. गरमी, परमा, बायकांच्या अंगावरून पांढरें जाणें, आणि ज्याचें नांव घेतांना लोक आवाज खालीं आणतात तो एच. आय. व्ही. आम्ही डॉक्टर नाहीं. अध्यापक विद्यालयांतून शिकून आलेले आणि वीस वर्षें पोरांना बाराखडी शिकविणारे शाळामास्तर आहों. परंतु गांवांत कागद वाचावयाचा झाला कीं तो आमच्याकडे येतो. बँकेचा येतो, तलाठ्याचा येतो, आणि अलीकडे दवाखान्याचाही येतो. ते कागद वाचून, आणि चार वेळां कागदवाल्याबरोबर वाशीस जाऊन, जें कळलें तेंच येथें सांगतों.

हा विषय चारचौघांत शोभत नाहीं असें ज्यांस वाटतें त्यांस एक जुनी गोष्ट सांगतों. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें आणि १९५३ सालीं मरेपर्यंत चालविलें. त्यांत याच गोष्टी उघड लिहिल्या जात, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शरीराचें ज्ञान झांकून ठेवलें कीं त्याचा फटका प्रथम गरिबाला बसतो. श्रीमंताला घरीं येणारा डॉक्टर असतो. आपणांस रांगेंत उभें राहावें लागतें.

आतां नव्या मुंबईकडे पाहूं. त्या जागेचे मूळ धनी आगरी आणि कोळी. १९७० सालीं सिडको निघाली आणि पंचाण्णव गांवांच्या जमिनी त्या शहरासाठीं गेल्या. हक्काच्या मोबदल्यासाठीं १९८४ सालीं उरणकडे आंदोलन झालें, त्यांत पांच शेतकरी गोळीबारानें मेले. हे भूमिपुत्र सोडले तर बाकीचें शहर बाहेरून आलेलें आहे. मुंबईचा घाऊक बाजार तुर्भ्यास हलला, त्याबरोबर सातारा, सांगली, जुन्नर-आंबेगांवकडचे माथाडी गेले. डोंगर फोडावयास वडार आणि लमाण गेले. इमारती चढवावयास मराठवाडा, कर्नाटक, बिहार, बंगाल आणि नेपाळपर्यंतचीं माणसें आलीं. १ जानेवारी १९९२ पासून त्या शहराला महापालिका आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली येथें तिचीं रुग्णालयें आहेत आणि वस्त्यांजवळ नागरी आरोग्य केंद्रें आहेत. जें शहर परक्या हातांनीं बांधलें गेलें, त्याच्या दवाखान्याचें दार त्या हातांना उघडें आहे किंवा नाहीं, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

सर्वांची स्थिति सारखी नाहीं हेंही सांगितलें पाहिजे. माथाडीला १९६९ च्या कायद्यानें मंडळ मिळालें. त्यामागें अण्णासाहेब पाटलांसारख्यांची आणि हजारों हमालांची झुंज होती. कारखान्यांतल्या ठराविक पगाराच्या आंतील कामगाराला विमा योजनेचा दवाखाना आहे. पण जो सकाळीं नाक्यावर उभा राहतो, ज्याचा मुकादम दर महिन्यास बदलतो, जो इमारत उभी होईपर्यंत तिच्याच पायथ्याशीं पत्र्याच्या खोलींत राहतो आणि ती पुरी झाली कीं दुसरीकडे हलतो, त्याला कोण आहे? त्याला सरकारी आणि महापालिकेचा दवाखाना एवढाच आधार आहे. तेंच दार त्याला बंद वाटलें तर तो कोठें जाणार?

आधीं दुखणें काय आहे तें समजून घ्या. गरमीची पहिली खूण म्हणजे जागेवर उठलेला घाव. तो बहुधा दुखत नाहीं, आणि औषधाशिवायही कांहीं आठवड्यांत भरून येतो. येथेंच माणूस फसतो. घाव गेला तरी रोग रक्तांत राहतो. पुढें वर्षांनीं तो मेंदूला किंवा हृदयाला धरतो, आणि गर्भार बाईच्या रक्तांतून पोटांतल्या जिवाला धरतो. परमा पुरुषाला लघवीच्या आगीनें लौकर कळतो, परंतु बाईला पुष्कळदां कांहींच कळत नाहीं. आंतल्या आंत गर्भनळ्या बिघडतात, आणि मग वांझपणाचा ठपका तिच्याच माथीं येतो. एच. आय. व्ही. वर्षानुवर्षें कांहीं खूण दाखवीत नाहीं. एका ताटांत जेवल्यानें, एका खोलींत निजल्यानें, हातांत हात घेतल्यानें तो लागत नाहीं. असुरक्षित संबंध, दूषित रक्त व सुया, आणि आईकडून मुलाला, एवढ्याच त्याच्या वाटा.

हे रोग कोणत्या जातीचे नाहींत कीं कोणत्या प्रांताचे नाहींत. तरणा माणूस वर्षाचे अकरा महिने बायकोपासून दूर, दहा जणांच्या खोलींत, दिवसभर ओझ्याखालीं आणि रात्रीं एकटा राहिला तर काय होऊं शकतें हें तुम्ही जाणतां. आम्ही येथें कोणाचा न्याय करावयास बसलों नाहीं. 'निरोध' सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतो, तो वापरावा हें सांगावयास बसलों आहों, आणि दुखणें झालेंच तर लपवूं नये हें सांगावयास बसलों आहों.

कारण औषध आहे. गरमी लौकर ओळखली तर पेनिसिलिनच्या एका सुईनें बरी होते. १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरीस सरकारी कारखाना निघाला आणि तेथें हें पेनिसिलिन देशांत तयार होऊं लागलें. म्हणजे हें औषध आपल्या घरचें आहे. परमा आणि इतर दुखण्यांसाठीं सरकारी दवाखान्यांत सात रंगांच्या पाकिटांत औषधें बांधून ठेवलेलीं असतात. खुणा पाहून कोणतें पाकीट द्यावयाचें तें डॉक्टर ठरवितात, आणि पैसा घेत नाहींत. मोठ्या रुग्णालयांत या कामाच्या खोलीला 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात. एच. आय. व्ही. समूळ जात नाहीं, परंतु रोजच्या गोळीनें तो इतका दबतो कीं माणूस आपलें आयुष्य जगतो, आणि रक्तांत तो सांपडेनासा झाला कीं संबंधांतून जोडीदारालाही लागत नाहीं. ही एआरटीची गोळी १ एप्रिल २००४ पासून सरकार फुकट देतें. पूर्वीं शरीर खंगेपर्यंत थांबवीत; २०१७ पासून रोग कळला कीं गोळी सुरू करतात. वाशीच्या महापालिका रुग्णालयांत असें केंद्र आहे, तसेंच आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं आहे. एच. आय. व्ही. असलेल्या मातांनीं उपचार घेतला नाहीं तर शंभर मुलांपैकीं पंधरापासून पंचेचाळीसांपर्यंत मुलांना तो लागूं शकतो; वेळेवर घेतला तर हा आंकडा पांचाच्या आंत येतो.

औषध आहे, फुकट आहे, आणि तरी माणूस तेथें पोंचत नाहीं. हें कां होतें?

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. नांव विचारूं नका, आणि कोण असेल याचा तर्कही करूं नका. तो त्या शहरांत सेंटरिंगचें काम करी. अंगावर घाव उठला तेव्हां प्रथम तो रेल्वेच्या भिंतीवरील 'गुप्तरोग हमखास बरा' ही जाहिरात वाचून एका वैदूकडे गेला. त्यानें तीन आठवड्यांत सहा हजार रुपये घेतले आणि चूर्ण दिलें. मग तो एका सरकारी दवाखान्यांत गेला. त्यासाठीं एक दिवसाची मजुरी बुडाली, कारण केसपेपर सकाळीं निघतो आणि नाकाही सकाळींच भरतो. खिडकीवर पत्त्याचा कागद मागितला. त्याच्याजवळ गांवचें कार्ड होतें, तेथला पत्ता नव्हता. नंतर मागें रांग उभी असतां मोठ्यानें विचारलें, "काय होतंय?" मागें दोन बायका उभ्या होत्या. त्यानें सांगितलें, "ताप येतोय." तापाच्या गोळ्या घेऊन तो परत आला.

पुढें घाव आपोआप भरला. दिवाळीस तो गांवीं आला. पुढच्या वर्षीं त्याच्या बायकोला आठव्या महिन्यांत मेलेलें मूल झालें. सासूनें करणी म्हटली, शेजाऱ्यांनीं पांढऱ्या पायाची म्हटली. मग ग्रामीण रुग्णालयांत रक्त तपासलें तेव्हां गरमी निघाली. दोघांनाही सुया दिल्या. आज त्यांची मुलगी आमच्या शाळेंत दुसरींत आहे. पण पहिलें मूल त्या एका प्रश्नानें गेलें, हें आम्ही विसरूं शकत नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. दुखण्याच्या बाबतींत ती झांकली मूठ आपणांस सव्वा लाखाला पडते.

तेव्हां अडचण गोळीची नाहीं, खिडकीची आहे. वेळेची आहे, कागदाची आहे, लाजेची आहे. ज्याला मराठी येत नाहीं अशा कलबुर्गीच्या किंवा बंगालच्या बाईला भाषेचीही आहे. 'अंगावरून जातें' हें तिनें कोणत्या भाषेंत, कोणाला सांगावें? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे हलत्या बिऱ्हाडाची. गर्भारपणांत एच. आय. व्ही. आणि गरमी या दोन्ही तपासण्या फुकट होतात. परंतु रक्त एका ठिकाणीं दिलें, निकाल येईपर्यंत मुकादमानें बिऱ्हाड दुसरीकडे नेलें, तर त्या निकालाचा काय उपयोग?

भय आणि लाज यांनीं दवाखाना कसा ओस पडतो याचा दाखला आपल्याच इतिहासांत आहे. १८६८ सालीं इंग्रज सरकारनें सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या शिपायांना रोग होऊं नये म्हणून बाजारांतल्या बायकांचीं नांवें पोलिसांच्या वहींत लिहावीं, त्यांची जबरीनें तपासणी करावी आणि रोग निघाल्यास कोंडून ठेवावें, असा तो कायदा होता. मुंबईंतही तो लागू झाला. बायका तपासणी चुकवूं लागल्या, रोग हटला नाहीं, आणि १८८८ सालीं सरकारला तो कायदा रद्द करावा लागला. तो कायदा होण्याच्या पांच वर्षें आधीं, १८६३ सालीं, जोतीराव फुल्यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेनें तेथें गुप्तपणें यावें, बाळंत व्हावें, नांव-गांव कोणी उघड करणार नाहीं, अशी त्याची रीत होती. एका ठिकाणीं नांव लिहून घेण्याची जबरी, दुसऱ्या ठिकाणीं नांव झांकण्याचा शब्द. रोग्यानें कोठें यावें, हें सांगावयास पाहिजे काय?

आजचा कायदा सुदैवानें दुसऱ्या वाटेचा आहे. एच. आय. व्ही. संबंधींचा कायदा २०१७ सालीं झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याप्रमाणें तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करतां येत नाहीं. तपासणी करून आणल्याशिवाय नोकरी देणार नाहीं, असें धन्याला म्हणतां येत नाहीं. रोग आहे म्हणून दवाखान्याला उपचार नाकारतां येत नाहीं, मालकाला कामावरून काढतां येत नाहीं, घरमालकाला खोली नाकारतां येत नाहीं, शाळेला मूल नाकारतां येत नाहीं. आणि तुमचा निकाल चव्हाट्यावर मांडतां येत नाहीं. त्याही आधींची एक गोष्ट लक्षांत ठेवा. १९९२ सालीं बंगालमधील एक शेतमजूर आगगाडींतून पडला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनीं त्याला परत पाठविलें. शेतमजुरांच्या संघटनेनें तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत नेलें. १९९६ सालीं निकाल झाला कीं जीव वांचविण्याचा उपचार देणें हें सरकारचें कर्तव्य आहे. घटनेच्या ज्या कलमावर हा निकाल उभा आहे त्या एकविसाव्या कलमांत 'नागरिक' असा शब्द नाहीं, 'व्यक्ति' असा आहे. म्हणजे नाक्यावरचा नेपाळीही त्यांत आला.

येथें कोणी म्हणेल, "परप्रांतीयांमुळें आपल्या माणसांना दवाखाना पुरत नाहीं, आधीं त्यांना बंद करा." हें बोलणें आम्ही एस. टी. स्टँडवर ऐकलें आहे. असें बोलणाऱ्यानें आधीं आपल्या जिल्ह्यांत पाहावें. कृष्णाकांठच्या ऊसपट्ट्यांत दरवर्षीं बीडकडचीं ऊसतोड कुटुंबें येतात. त्यांचीं पालें आपल्या बांधावर पडतात. त्या बायकांच्या अंगावरून जातें, पोटांत दुखतें. तेव्हां आपल्या आरोग्य केंद्रांत त्यांची वास्तपुस्त होते काय? कीं 'त्या काय, फडावरच्या' म्हणून त्यांना शेवटीं बसवितात? दुखणें वेळेवर बघितलें न गेल्यानें आणि कामाचा खाडा नको म्हणून बीडच्या किती बायकांच्या पिशव्याच काढल्या गेल्या, याची चौकशी २०१९ सालीं सरकारला करावी लागली. जें वाशीच्या खिडकीनें आपल्या पोराशीं करूं नये असें आपणांस वाटतें, तें आपल्या खिडकीनें त्यांच्या लेकीशीं करूं नये. आणि रोगाच्या हिशेबानें पाहिलें तरी एकाला बंद केलेलें दार दुसऱ्याच्या घरांत रोग घेऊन येतें.

आतां मागणें कोणापाशीं काय मागावयाचें? महापालिकेपाशीं आणि सरकारपाशीं आमचें मागणें मोठ्या इमारतीचें नाहीं. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं नाक्याजवळच्या आणि बाजाराजवळच्या केंद्रांत ही तपासणी ठेवा. खिडकीवर दुखणें विचारूं नका. तें आंत, दार लावून विचारा. कन्नड, हिंदी, बंगाली जाणणारी बाई समुपदेशाला बसवा. पत्त्याचा कागद नाहीं म्हणून कोणास परत पाठवूं नका. याला फार पैसा लागत नाहीं. माणुसकी आणि थोडी व्यवस्था लागते. माथाडी मंडळी संघटित आहेत. त्यांनीं हें मागणें स्वतःपुरतें न मागतां नाक्यावरच्यांसाठींही मागावें, अशी आमची त्यांस हात जोडून विनंती आहे.

आणि आपण घरीं काय करावयाचें तें नीट ऐका.

घाव, पुवाची धार, लघवीची आग, पांढरें जाणें, ओटीपोटांत दुखणें, यांपैकीं कांहीं झालें तर भिंतीवरचा वैदू नको. सरकारी दवाखान्यांत जा आणि आंत गेल्यावर खरें सांगा. तपासणीसाठीं रेशनकार्ड लागत नाहीं. एआरटीच्या केंद्रावर पत्त्याचा कागद मागतात; असेल तो न्या, नसेल तर परत फिरूं नका, समुपदेशकाला अडचण सांगा.

औषध नवराबायकोनें एकाच वेळीं घ्यावें. एकानें घेतलें आणि दुसऱ्यानें नाहीं तर तें पुन्हां येतें, आणि मग लोक म्हणतात कीं सरकारी औषधाला गुण नाहीं. बाईच्या अंगावर दिसत नाहीं म्हणून तिला सोडूं नये. घरांत गर्भार सून असेल तर पहिल्याच महिन्यांत तिचें नांव नोंदवावें आणि तपासणीचे कागद पिशवींत घालून ती जाईल तेथें न्यावेत.

एआरटी चालू असलेल्यानें गोळी एक दिवसही चुकवूं नये. यात्रेस, सुगीस, लग्नास गांवीं येतांना पुरेल इतकी गोळी आणि उपचाराची वही बरोबर आणावी. मुक्काम लांबणार असेल तर निघण्यापूर्वीं केंद्रावर सांगावें. शाळेचा दाखला जसा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, तसा बदलीचा कागद तेथें मिळतो आणि गोळी नव्या ठिकाणीं चालू राहते. गोळी मध्येंच तुटली तर रोग त्या गोळीला दाद देईनासा होऊं शकतो.

सासूबाईंनो, तुम्हांस वेगळें सांगतों. मूल मेलें किंवा होत नाहीं, तर सुनेला दोष देण्यापूर्वीं दोघांचें रक्त तपासून घ्या. लिंबू-नारळाला जेवढे पैसे लागतात तेवढेही तेथें लागत नाहींत.

१०९७ हा सरकारी फोन आहे. त्याला पैसे पडत नाहींत, नांव सांगावें लागत नाहीं, आणि जवळचें केंद्र कोठें आहे तें ते सांगतात. हा आंकडा आज रात्रीं प्रत्येकानें आपल्या फोनांत लिहून घ्यावा; ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं आपल्या शाळकरी पोराकडून लिहवून घ्यावा. यात्रा संपेपर्यंत रोज संध्याकाळीं आम्ही शाळेंत बसूं. कोणापाशीं दवाखान्याचा कागद असेल तर घेऊन यावें. दार लावून वाचूं, आणि कोणाचा कागद होता तें आमच्या घरींही सांगणार नाहीं.